बेडकीची कॉलर

देवपुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत सुनंदाबाई बडगुजर शिवण शिकवायच्या आणि मी शास्त्र. शाळा सुटली की आम्ही बाकीच्या जणी पिशव्या आणि छत्र्या सावरत पांझरेच्या पुलाकडे चालत निघायचो. सुनंदाबाई लिंबाखाली उभ्या केलेल्या गाडीकडे जायच्या. पदर कमरेला घट्ट खोचायचा, केसांवर रुमाल बांधायचा, साडीच्या निऱ्या आवरून आत पाय टाकायचा, आणि मग एक मोठा खाकरल्यासारखा आवाज करून ती गाडी फाटकाबाहेर पडायची. बाहेर उभे असलेले रिक्षावाले रोजच्या रोज मान वळवून बघायचे. रोज बघूनही त्यांना सवय झाली नव्हती.

ती गाडी होतीच तशी. दोनच माणसं मावतील अशी, वरून उघडी, जमिनीला जवळजवळ टेकलेली, इंग्रजी बनावटीची जुनी स्पोर्ट्‌स कार. रंग कच्च्या कैरीचा. पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे बाहेर आलेले आणि मागचा भाग गोल उतरत गेलेला. धुळ्यातली पोरं तिला बेडकी म्हणायची. पुढे बाई स्वतःही तेच म्हणायला लागल्या.

बेडकी मुळात त्यांच्या धाकट्या भावाची, लीलाधरची. तो मुंबईत मोटार मेकॅनिक होता. एका गॅरेजच्या मागच्या अंगणात वर्षानुवर्षं उभी राहून सडलेली ही गाडी त्याने उचलली, तिला फियाटचं इंजिन बसवलं, आणि रविवार-रविवार खपून चालती केली. तेवढ्यात त्याला मस्कतला नोकरी लागली. जाताना तो गाडी धुळ्याला बहिणीकडे सोडून गेला. "अक्का, नुसती उभी ठेवू नकोस, गंजेल. कोणाकडून तरी चालवून घेत जा," असं सांगून गेला. अक्काने कोणाला बोलावलं नाही. स्वतःच शिकली. तेव्हा तिचं वय चाळिशीच्या जवळ होतं. लग्नाचा विषय तिने फार पूर्वीच आपल्या हाताने मिटवला होता, आणि बोदवडला आई एकटी राहत होती. आई, भिकुबाई, घर सोडून धुळ्याला यायला तयार नव्हत्या. म्हणून शनिवारी अर्धी शाळा झाली की सुनंदाबाई पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत बोदवड गाठायच्या आणि रविवारी परत यायच्या. एसटी बदलत जाण्यात त्यांचा जो दिवस मोडायचा तो बेडकीमुळे वाचला.

हे सगळं ठीक चाललं होतं. मग १९८८च्या मार्चमध्ये एका शनिवारी दुपारी पारोळ्याच्या पुढे, एका लांब उतरत्या वळणावर, बेडकीचं मागचं अंग अचानक हलकं झालं. बाईंनी मला नंतर सांगितलं, "कोणीतरी डिकीला धरून गाडी उचलतंय असं वाटलं गं." त्यांनी अॅक्सिलरेटरवरून पाय काढला मात्र, गाडी मागून फिरली, रस्ता सोडून खाली उतरली आणि कापूस निघून गेलेल्या शेतात तोंड उलटं करून थांबली. कापसाची वाळलेली झाडं, पऱ्हाट्या, उपटणाऱ्या बायका धावत आल्या.

"माय व! जित्ती शे का बाई?"

"शे, शे," बाई म्हणाल्या. "लागनं नही काई. बठ्ठं ठीक शे."

त्या बायकांनीच गाडी ढकलून रस्त्यावर आणून दिली. बाई तशाच बोदवडला गेल्या. आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण गाडीच्या चाकांत अडकलेल्या पऱ्हाट्यांनी सगळं सांगून टाकलं.

धुळ्यात बातमी पोचायला वेळ लागला नाही. मग प्रत्येकाला बोलायचं होतं. कोणी म्हणालं, बाईमाणसाचं काम नाही. कोणी म्हणालं, चालवावी पण बेतानं. सगळ्यांचा सूर एकच होता, की चूक चालवणारीची. मे महिन्यात लीलाधर सुट्टीवर आला तेव्हा त्याने बेडकी देवपुरातून आग्रा रोडपर्यंत फिरवून आणली, बॉनेट उघडून पाहिलं, चाकं हलवून पाहिली, आणि हात पुसत म्हणाला, "गाडीत काही नाही, अक्का. दोष तुझ्या हातात आहे. वळणावर घाबरलीस."

बोदवडला भिकुबाईंनी निकालच दिला. "इकून टाक ते गाडी, बापा. पोरगी जीवानिशी जाईन."

लीलाधर विकायला तयार झाला होता. गिऱ्हाईकही त्याच्या डोळ्यांसमोर होतं. सुनंदाबाईंनी एवढंच मागितलं, "पुढच्या वर्षी येशील तेव्हा विक. तोवर मला शोधू दे."

"काय शोधणार?"

"दोष कुठे आहे ते. माझ्या हातात असेल तर मीच चावी देईन तुला."

मला त्यांचं कौतुक वाटतं ते इथपासून. दुसरी कोणी असती तर गाडीवर तरी खापर फोडलं असतं, नाहीतर स्वतःवर. बाईंनी दोन्ही केलं नाही. त्यांनी आधी आपले हात तपासले. त्यांच्या शेजारी झिपरू आबा राहायचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आयुष्य घाटांत आणि खाचखळग्यांत गेलेलं. बाईंनी त्यांना चावी दिली आणि म्हणाल्या, "आबा, माझ्यासारखीच चालवा. जिथे मी पाय काढला तिथे तुम्हीही काढा."

आबांना त्या गाडीत बसवणं हेच एक काम झालं. गुडघे स्टिअरिंगला टेकत होते. पण पारोळा रोडला लागल्यावर त्यांनी वेग चढवला, त्याच वळणावर पाय सैल केला, आणि गाडी बाजूला घेऊन थांबले. कपाळावरचा घाम पुसला.

"पोरी, तुना हात चांगला शेतस," ते म्हणाले. "हाई गाडी मांगेथीन उठस."

मग आबांनी आपल्या ओळखीच्या गॅरेजात टायर बदलवले, मागच्या स्प्रिंगा नवीन घालून घेतल्या, ढिले झालेले जोड आवळून घेतले. फरक पडला. मध्यम वेगात बेडकी अगदी शहाण्यासारखी चालायला लागली. पण एका वेगाच्या पुढे गेलं की पुन्हा तेच, मागचं अंग जमीन सोडायला बघायचं. आबांनी हात वर केले. त्यांच्या मते गाडीची जातच तशी होती.

एके दिवशी मधल्या सुट्टीत बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. डबा उघडलाच नाही.

"हिरा, मला एक सांग. गाडी पुढे जाते, म्हणजे वारा मागे जायला हवा ना?"

"हो."

"मग माझ्या रुमालाचं टोक पुढे का येतं? मागून येऊन तोंडावर आपटतं. आणि प्रवास करून आलं की गाडीचं नाक स्वच्छ असतं आणि ढुंगणावर धुळीचा थर. ती धूळ तिथे जाऊन बसते कशी?"

मी त्यांना रिकाम्या वर्गात नेलं आणि फळ्यावर विमानाच्या पंखाचं चित्र काढलं. वरून फुगीर, मागे निमुळता. हवा अशा फुगीर पाठीवरून वळून उतरते तेव्हा तिचा दाब कमी होतो आणि पंख वर ओढला जातो, हे मी दरवर्षी शिकवत होते. बाईंनी खडू घेतला आणि त्या पंखाला खाली दोन चाकं काढली. आम्ही दोघी फळ्याकडे बघत राहिलो. बेडकीचीच बाजूची आकृती होती ती.

"हे डोळ्यांनी बघता येईल का?" त्यांनी विचारलं.

मी कुठेतरी वाचलं होतं की विमानाच्या पंखावर दोरे चिकटवून हवेची वाट बघतात. तेवढं ऐकून बाई उठल्या आणि शिवणाच्या कपाटातून लोकरीचे उरलेसुरले गुंडे काढायला लागल्या.

धुळ्याबाहेर गोंदूरला विमानाची धावपट्टी आहे. त्या काळात तिच्यावर विमानं कमी आणि शेळ्या जास्त उतरायच्या. तिथला चौकीदार उखर्डू, त्याची भाची आमच्या शाळेत होती. एका आठवड्यात बाई बोदवडला गेल्या नाहीत, आणि रविवारी सकाळी त्याने आम्हाला फाटक उघडून दिलं. आम्ही बेडकीच्या पाठीवर, सीटच्या मागून थेट शेवटच्या कडेपर्यंत, लाल आणि पांढऱ्या लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीने लावले. गाडी नवसाला सजवल्यासारखी दिसायला लागली. मी शेजारच्या सीटवर उलटी गुडघ्यांवर बसले, सीटची पाठ दोन्ही हातांनी कवटाळली, आणि बाईंनी वेग घेतला.

मी पदवी घेतली होती, इतकी वर्षं शिकवत होते, पण हवा पहिल्यांदा पाहिली ती त्या सकाळी. सीटच्या लगेच मागची लोकर वेड्यासारखी गरगर फिरत होती, काही तुकडे तर पुढे, माझ्या दिशेने झेपावत होते. त्यांच्या मागचे तुकडे मात्र डिकीच्या गोल उतारावर असे चापून बसले होते, की जणू कोणी तेल लावून केस विंचरले आहेत. हवा त्या उताराला चिकटून थेट खालपर्यंत जात होती, आणि जाता जाता डिकीला वर ओढत होती. मी ओरडून सांगत होते, बाई ओरडून विचारत होत्या, आणि इंजिनाच्या आवाजात दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं. थांबल्यावर मी खाली उतरले. बाई हसत होत्या. मार्चपासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दोष सापडला होता. आता त्याचं काय करायचं?

आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत नूर महंमद यांचं पत्र्याचं दुकान होतं. खानदेशातला उन्हाळा म्हणजे कूलरवाल्यांचा हंगाम, आणि नूरभाईंचे कूलर धुळ्यात नावाजलेले. त्यांची मुलगी मेहरुन बाईंच्या हाताखाली शिवण शिकत होती. बाईंनी त्यांना एका परदेशी मासिकातलं शर्यतीच्या गाडीचं चित्र दाखवलं. त्या गाडीच्या मागे, दोन खांबांवर, उंच एक फळी होती.

नूरभाईंनी चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. "बाई, हे गाडीवर कपडे वाळत घालायला आहे का?"

"वारा खाली दाबायला आहे."

"आम्ही आजवर वारा घरात आणायचं काम केलं," ते म्हणाले. "दाबून पाहू."

त्यांनी लोखंडी अँगलचे दोन खांब केले, त्यावर जाड पत्र्याची फळी बसवली आणि डिकीला नटबोल्टने आवळली. गल्लीतून गाडी बाहेर पडली तेव्हा दोन्ही बाजूंनी लोक हसत होते. बाईंनी सरळ समोर बघत गाडी गोंदूरला नेली. आम्ही नूरभाईंच्या टेम्पोतून मागोमाग गेलो.

पहिल्या फेरीत मागचं अंग खरंच जमिनीला धरून राहिलं. दुसऱ्या फेरीत बाईंनी वेग वाढवला आणि परत येऊन म्हणाल्या, "आता पुढचं हलकं झालंय. स्टिअरिंग हातात नुसतं लोण्यासारखं फिरतं." उंचावर लावलेली फळी वारा एवढा अडवत होती की गाडीचं नाकच उचललं जात होतं. तिसऱ्या फेरीत बाजूने वाऱ्याचा झोत आला. फळी थडथडायला लागली, एका खांबाने डिकीचा पत्रा फाडला, आणि ती सगळी रचना सुटून हवेत गेली. उडत गेली ती थेट शेळ्यांच्या कळपापाशी आदळली. शेळ्या चहूकडे पांगल्या. एकीलाही लागलं नाही, पण शेळ्यांची मालकीण म्हातारी आमच्यावर जी सुटली, ती नूरभाईंनी तिला शेळ्या गोळा करून देईपर्यंत थांबली नाही.

परत येताना बाईंनी गाडी अगदी सावकाश आणली. फाटलेली डिकी दोरीने बांधलेली होती. शाळेत सोमवारी सगळ्यांना कळलं होतं. मुख्याध्यापकांनी बोलावून, चांगल्या शब्दांत, सांगितलं की पालक विचारतात. बाईंनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता संपलं.

त्या आठवड्यात मी त्यांच्या वर्गावरून जात होते. आत त्या नववीच्या मुलींना बंद गळ्याची कॉलर बेतायला शिकवत होत्या. "सरळ पट्टी कापली तर मानेभोवती उभी राहणार नाही," त्या सांगत होत्या. "एकतर पडेल, नाहीतर चुण्या पडतील. मान गोल आहे, म्हणून पट्टीलाही गोलाई द्यायची. किती गोलाई दिली यावर ती आत झुकणार की बाहेर, हे ठरतं." बोलता बोलता त्या थांबल्या. हातातली खाकी कागदाची पट्टी वर धरून बघत राहिल्या. मुली वाट बघत होत्या. मग त्यांनी पाठ पुरा केला, पण शाळा सुटल्यावर तो कागद घेऊन तडक नूरभाईंकडे गेल्या. मीही गेले.

उंच फळी नकोच होती. डिकी जिथे उतरायला लागते त्या कडेलाच, गाडीच्या अंगाला लागून, बुटकी उभी पट्टी हवी होती. हवा उताराला चिकटायच्या आतच तिला तोडून सरळ मागे पाठवायची. अडचण एवढीच की ती कड दोन्ही बाजूंना गोल वळत खाली जात होती.

नूरभाई म्हणाले, "पत्रा ऐकणार नाही, बाई. सरळ पट्टी गोल कडेवर वाकवली की चुण्या पडतात."

"चुण्या पडतात म्हणजे बेतणं चुकलं," बाई म्हणाल्या.

त्यांनी बेडकीच्या पाठीवर खाकी कागद पसरला, टाचण्यांऐवजी चिकटपट्टी लावली, आणि मापं घेतली. कागदाची कॉलर कापली. ती पडली. पुन्हा कापली, जास्त गोलाई देऊन. ती फार बाहेर झुकली. असं करत करत कितीतरी कागद वाया गेले. दिवाळीच्या सुट्टीत त्या रोज नूरभाईंच्या दुकानात असायच्या. नूरभाईंच्या बायकोने, खातूनबीने, त्यांच्यासाठी एक खुर्ची कायमची बाहेर काढून ठेवली होती. शेवटी कागद असा बसला की कुठे फट नाही, कुठे चुणी नाही. नूरभाईंनी त्यावरून कूलरचाच जस्ती पत्रा कापला, लाकडी हातोडीने हळूहळू वळवला, आणि वरच्या कडेत तार घालून ती दुमडली. बाई म्हणाल्या, ही तर कडेत दोरी घालून शिवल्यासारखी झाली.

उंची किती ठेवायची हा प्रश्न राहिला. त्यासाठी पुन्हा गोंदूर, पुन्हा लोकर. आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून कमी-जास्त उंची बघितली. मागचं अंग किती उठतं ते मोजायला मी शिवणाचा खडू अॅक्सलपाशी बांधून रेघ उमटवायचा खटाटोप केला, पण धावपट्टीवरच्या खड्ड्यांनी नुसता रांगोळीचा पसारा केला, म्हणून तो नाद सोडला. बाईंनी हातांवर आणि कमरेवर भरवसा ठेवला. चार बोटं उंचीला लोकर एकदम बदलली. उतारावर चापून बसलेले तुकडे सुटले आणि आळसावल्यासारखे जागच्या जागी डुलायला लागले. गाडी खाली बसली.

तरीही वेग आणखी वाढला की बाईंना मागे कुठेतरी अजून एक ओढ जाणवत होती. तेव्हा नूरभाई बेडकीच्या मागे उकिडवे बसले आणि खालच्या पत्र्यावर बोटं वाजवली. "पोटाखालून येणारी हवा इथे येऊन अडते. कूलरमध्ये असंच होतं. हवा आत घेतली की बाहेर जायला वाट द्यावी लागते, नाहीतर पत्रा फुगतो." बाईंनी मान डोलावली. मग त्या खालच्या पत्र्याला नूरभाईंनी कूलरच्या बाजूंना असतात तशा तिरप्या खाचा पाडल्या. ती ओढही गेली.

कॉलरला कैरीचा रंग दिला. आता लक्ष देऊन पाहिलं तरच दिसायची.

पुढच्या मेमध्ये लीलाधर आला. आल्याआल्या गाडीभोवती फेरी मारली आणि हसला. "अक्का, हे काय? गाडीला पन्हळ लावलीस?"

"बस," बाई म्हणाल्या.

गोंदूरला तेव्हा मी होते, नूरभाई होते, झिपरू आबाही आले होते. बाईंनी भावाला शेजारी बसवून बेडकी पळवली. शेवटाला लांब वळण घेताना त्यांनी मुद्दाम पाय काढला. गाडी वळण धरून आली. लीलाधर उतरला तेव्हा हसत नव्हता, पण पटलंही नव्हतं. तो मेकॅनिक होता. पत्र्याच्या एवढ्याशा पट्टीने गाडीचा स्वभाव बदलतो, हे ऐकून मान्य करणाऱ्यांतला नव्हता. त्याने नूरभाईंकडे पाना मागितला, स्वतःच्या हाताने कॉलर सोडवली, आणि चावी घेतली.

"लीलाधर, पाय एकदम काढू नकोस," बाई म्हणाल्या.

तो गेला. लांबून आम्हाला गाडी लहान होत जाताना दिसली, मग वळताना दिसली, आणि मग तिचं मागचं अंग पुढे आलं. बेडकी स्वतःभोवती फिरली आणि वाळलेल्या गवतात जाऊन थांबली. धुळीचा लोट उठला. सुनंदाबाई पळाल्या. दोन्ही हातांनी साडी वर धरून, चपला मागे टाकून पळाल्या. आम्ही मागोमाग पोचलो तेव्हा लीलाधर स्टिअरिंग धरून तसाच बसलेला होता. काही लागलं नव्हतं.

"अक्का," तो म्हणाला, "तुझ्या हातात दोष नव्हता."

बाईंना दम लागला होता. त्यांनी दाराला टेकून श्वास घेतला. "खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "मलाही खात्री नव्हती रे. आबांनी सांगितलं, लोकरीने सांगितलं, तरी रोज शाळेतून निघताना वाटायचं, कदाचित मीच."

लीलाधर गाडीतून उतरला. त्याने कॉलर आपल्या हाताने परत बसवली, एकेक बोल्ट दोनदा आवळला, आणि नूरभाईंना विचारलं की कडेत तार घालायची युक्ती कोणाची. नूरभाईंनी बाईंकडे बोट दाखवलं आणि बाईंनी नूरभाईंकडे. झिपरू आबा म्हणाले, "आते चहा कोण पाजस?" तो लीलाधरने पाजला.

त्या शनिवारी बहीण-भाऊ बेडकीतूनच बोदवडला गेले. आईसमोर लीलाधर म्हणाला की गाडी अक्काची आहे, विकायचा विषय पुन्हा काढायचा नाही. भिकुबाईंना हे मान्य नव्हतं. पोरगा सांगतो म्हणून त्या ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यांनी स्वतः बसून बघायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाबाईंनी आईला मुक्ताईनगरला मुक्ताईच्या दर्शनाला नेलं. म्हातारीने डोक्यावरचा पदर दातांत धरला होता, एक हात दारावर होता आणि दुसऱ्या हातात नारळाची पिशवी. परत आल्यावर शेजारणींनी घेरलं, कसं वाटलं म्हणून. भिकुबाई म्हणाल्या, "येवढं खाली बसलं का म्हसी बी हत्तीवानी दिसतात व!" एवढं बोलून त्या घरात गेल्या. पण पुढच्या शनिवारी लेकीला उशीर झाला तेव्हा त्या ओट्यावर बसून गाडीचा आवाज ऐकत होत्या, असं शेजारणींनी सांगितलं.

नव्वद सालानंतर धुळ्यात आणि जळगावात मारुती गाड्या वाढल्या आणि त्यांच्या मागे पंख लावायची टूम आली. नूरभाईंकडे तरुण पोरांची रांग लागायची. कूलरचा हंगाम संपला की ते तेच काम करायचे. काही पोरं हौसेने बाईंकडेही यायची. जळगावच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा भलामोठा पंख लावलेली गाडी घेऊन शाळेच्या फाटकात आला होता. बाईंनी सगळीकडून नीट पाहिलं आणि विचारलं, "किती वेगाने चालवतोस?"

"गावातच असते, बाई. बाजारपेठेत."

"मग काढून टाक. गाडी धुताना मध्ये येतो."

तो खट्टू झाला, तेव्हा बाईंनी त्याला बेडकीत बसवून गोंदूरला नेलं आणि लोकर लावून दाखवली. असं त्यांनी किती जणांना दाखवलं कोण जाणे. मी नववीला दाबाचा धडा शिकवताना मुलींना घेऊन जायचे तेव्हा तर त्या रविवार मोकळाच ठेवायच्या. उखर्डू फाटक उघडून द्यायचा, आणि शेळ्यांची म्हातारी आम्हाला बघितलं की कळप लांब न्यायची.

माझी बदली जळगावला झाली त्या वर्षी, म्हणजे १९९६ साली, मी निरोप घ्यायला नूरभाईंच्या दुकानावर गेले. नूरभाईंना डोळ्यांचा त्रास सुरू झाला होता, लांबचं नीट दिसत नव्हतं. दुकानासमोर टेम्पोत कूलर चढवणं चाललं होतं, साक्रीला जायचे होते. मेहरुनने ओढणी खांद्यावरून मागे बांधली आणि ड्रायव्हरच्या जागेवर चढली. शेजारी सुनंदाबाई बसल्या होत्या, मांडीवर शिवणाची पिशवी घेऊन. लांबच्या रस्त्यावर मेहरुनची ती पहिलीच खेप होती.

"कूलर उंच आहेत," बाई तिला सांगत होत्या. "मोकळ्या रानात बाजूचा वारा लागेल. लागला की दचकू नकोस, हात सैल ठेव."

मेहरुनने मान हलवली आणि टेम्पो गल्लीतून बाहेर काढला.